‘नाही’ ऐकायची सवय

गणित पक्कं झालं की तर्कशुद्ध विचार आपोआप येतो, असं एक मत ऐकू येतं; मला ते अर्धंच पटतं. गृहीतकांवरून निष्कर्ष काढायला गणित शिकवतं, वादच नाही. पण आपल्याच डोक्यात आलेली कल्पना खोडून बघायची खोड वेगळी लावावी लागते.

याचं उदाहरण म्हणून पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचा १९६०चा प्रयोग सांगतो. २-४-६ हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी त्रिकुटं सुचवायची, उत्तर फक्त ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’, आणि खात्री पटली की नियम सांगायचा. लोक ८-१०-१२ म्हणतात, २०-२२-२४ म्हणतात, दरवेळी होकार मिळतो आणि ‘दोन-दोनने वाढतात’ असं छातीठोकपणे सांगून मोकळे होतात. नियम असतो नुसता चढता क्रम! प्रयोगात भाग घेणारी मंडळी चांगली विद्यापीठात शिकणारी होती, तरी बऱ्याच जणांचं पहिलं उत्तर चुकलंच.

भाचीबरोबर हा खेळ खेळतो. सुरुवातीला ‘नाही’ आलं की तिचं तोंड उतरायचं. मग गुण उलटे केले: होकाराला शून्य, नकाराला एक. त्यानंतर ती ६-४-२, ५-५-५ असले आकडे मुद्दाम टाकायला लागली. मुलांशी खेळणार असाल तर नियम सैल, म्हणजे बऱ्याच त्रिकुटांना होकार मिळेल असा निवडा. ‘तिन्ही आकडे वेगळे’ हा तर मोठ्यांनाही घाम फोडतो.