बाईंना फोन कधी लावायचा?
शाळेच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर नुसते सुप्रभातचे फोटो पडतात, बोलणं होतच नाही, अशी तक्रार ऐकू येते, आणि ती अगदी पटते. आमच्या गणिताच्या बाई आता लेकाकडे न्यू जर्सीला असतात. टाइप करायचा त्यांना भारी कंटाळा, म्हणून आम्ही सरळ फोनच लावतो. रविवारी संध्याकाळी ७ ला. तिकडे सकाळचे साडेनऊ, म्हणजे चहा-बिहा उरकलेला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मात्र तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग मार्चपर्यंत आपण ८ ला लावायचा. आणि व्हिडिओवर दहा जणांनी एकदम गर्दी करू नका, कोणाचंच धड ऐकू येत नाही. दोघं-तिघं पुरे. बाई अजून आडनावानेच पुकारतात, आणि पन्नाशीतले बाप्ये निमूट ‘हजर’ म्हणतात!