मदत हवी आहे: लॉ कॉलेजचं रँकिंग किती मनावर घ्यावं?

बोरीकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही अंमळनेरचे. लेकीची बारावी झाली, सीईटीत मार्क बरे आहेत, आता पाच वर्षांच्या लॉसाठी ऑप्शन फॉर्म भरायचाय. क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) काही जमली नाही, त्यामुळे ती विद्यापीठं, म्हणजे एनएलयू, बाद. वेगळ्या परीक्षेतून एका खासगी विद्यापीठात नंबर लागतोय. ते एनआयआरएफच्या (केंद्र सरकारचं कॉलेजांचं रँकिंग) यादीत वर आहे, पण फी वर्षाला लाखांत. दुसरा पर्याय पुण्याचं आयएलएस, मिळालं तर. नाहीतर जळगावचं मणियार. सासरे म्हणतात, "रँकिंग लीसन काय करशी माय, जयगावलेच शिक, रोज गाडीनी ये."

यादी मीही उघडून पाहिली. 2018 पासून लॉची यादी निघतेय आणि पहिला नंबर कायम बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा. तिथवर ठीक. पण बाबासाहेब ज्याचे प्राचार्य होते ते मुंबईचं 1855 चं सरकारी लॉ कॉलेज मला त्यात कुठे दिसलंच नाही. मग ही यादी नक्की मोजते तरी काय? लेकीला कोर्टात उभं राहायचंय, कंपनीत बसायचं नाही. जमीन विकावी लागणार नाही, पण कर्ज नक्की काढावं लागेल. अनुभवींनी सांगा.

काळा कोट
ताई, ज्या संस्था स्वतःहून माहिती भरून देतात त्यांनाच एनआयआरएफ मोजतं. नाव नाही म्हणजे कॉलेज वाईट, असं नाही. शिवाय गुणांत संशोधन आणि 'लोकांत नाव किती' यालाही वजन आहे. साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यायची हे त्यात कुठेच मोजलं जात नाही.

रँकिंगचा खरा उपयोग मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये. त्या कॅम्पसला ठरावीक ठिकाणीच जातात. तिकडे जायचं नसेल तर त्या नावासाठी कर्ज काढू नका. वकिलीची सनद सगळ्यांना सारखीच, एआयबीईचा (वकिलांची देशभरची पात्रता परीक्षा) पेपरही तोच. मी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात (जळगाव, धुळे, नंदुरबारची अपिलं इथेच येतात) प्रॅक्टिस करतो. कुठल्या कॉलेजचा, हे पहिल्या वर्षानंतर मला कोणी विचारलेलं नाही. कोणत्या सीनियरकडे होता, हे अजून विचारतात.

धुळ्याची पोर
काकांशी अर्धीच सहमत. कॉलेजनं फरक पडतो, नंबरानं नाही. माझ्या कॉलेजात वर्ग भरायचेच नाहीत, परीक्षेच्या आधी गाइड घ्यायचं आणि लिहून यायचं. म्हणून ॲडमिशनआधी एक दिवस जाऊन बघा: दुपारी वर्गात मुलं आहेत का, मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटीचा खटला) होतं का, लायब्ररीत एआयआरचे (कोर्टाचे निकाल छापणारं नियतकालिक) ताजे अंक आहेत का. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठा, त्या खरं सांगतात. पुण्याला गेली तर इंग्रजी सुधारेल, हायकोर्टात ते लागतंच. जिल्हा कोर्टात मराठी चालतं.

बोरीकाठची
दोघांचे आभार. तिच्या डोक्यात न्यायाधीशाची परीक्षाही आहे. त्यासाठी तरी नावाचं कॉलेज लागतं का?

काळा कोट
नाही. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे डिग्रीनंतर लगेच पगार नाही, हप्ते मात्र चालू. कर्जाचा हिशेब त्या दृष्टीनं करा. मी असतो तर आयएलएस वर टाकलं असतं, खाली मणियार.

बोरीकाठची
बरं. पुण्यात डेक्कनच्या आसपास मुलींसाठी साधी, सुरक्षित खानावळीसकट खोली कोणाला माहीत आहे का?