मिश्ना-तालमूद शिकवायचं असेल तर ग्रीक लागतंच का?

प्रश्न: मी इस्राएलमधल्या लोदची, बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या ज्यू समाजातली, घरी आजीमुळे मराठी टिकली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात तालमूदमध्ये एम.ए. करतेय (मिश्ना म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह, तालमूद म्हणजे त्यावरची रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मपंडितांची, चर्चा). पीएच.डी. करून शिकवायचंय, जमलं तर अमेरिकेत. हिब्रू, अरामी येतं. ग्रीकला दोन वर्षं द्यावीत का?

उत्तर १: ताई, द्याच. इस्राएलमध्ये तालमूदचा स्वतंत्र विभाग असतो, पण अमेरिकेत बहुतेक जागा धर्म-अभ्यास विभागात निघतात. मला पहिल्याच सत्रात बायबलची ओळख, जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिराचा काळ आणि कुमरानच्या गुंडाळ्या (मृत समुद्राजवळ सापडलेली जुनी ज्यू हस्तलिखितं) शिकवाव्या लागल्या. मिश्ना वर्षातून एकदा. त्याच काळातले ज्यू लेखक, इतिहासकार जोसेफस आणि तत्त्वज्ञ फिलो, दोघांनीही ग्रीकमध्ये लिहिलं. शिवाय मिश्नेतला 'सनहेद्रिन' (ज्यूंचं सर्वोच्च न्यायमंडळ) हा शब्दच ग्रीक! तो मुळातून उलगडला की वर्ग जागा होतो, हे मी दरवर्षी बघतो.

आणि हस्तलिखितं वाचायला शिका. बॅबिलोनी तालमूदचं जवळपास संपूर्ण असं एकच हस्तलिखित उरलंय, म्यूनिकचं, 1342चं. नेहमीच्या वापरातल्या छापील विल्ना आवृत्तीवर विसंबून प्रबंध उभा राहत नाही.

उत्तर २: जर्मनही, निदान वाचण्यापुरती. जुनं संशोधन बरंचसं त्यातच आहे. मी आळस केला, प्रबंध वर्षभर रखडला.

प्रश्नकर्ती: दादा, मनापासून आभार. ऑक्टोबरपासून ग्रीकला नाव घालते. मुलाखतीत नमुना तास कुठल्या उताऱ्यावर घेतला होता?

उत्तर १: तालमूदच्या बाबा मेत्सिया या भागातली 'अख्नाईची भट्टी' ही गोष्ट. भट्टी शुद्ध की अशुद्ध, यावर रब्बींचा वाद. एका रब्बीच्या बाजूने आकाशवाणी होते, तरी बाकीचे रब्बी म्हणतात, तोरा (देवाने दिलेलं नियमशास्त्र) आता आकाशात नाही. एका मुलीने विचारलं, 'मग ठरवतं कोण?' उरलेला तास त्यावरच गेला.