राश्यंतराची तारीख आणि कक्षा

'29 मार्च 2025ला शनी मीनेत गेला, मकरेची साडेसाती संपली, म्हणजे त्या दिवसापासून सगळं पालटणार' असा दावा केला जातो. साडेसातीचं गणित बरोबर आहे, पण फळ एका तारखेला बांधणं पटत नाही. शनी राशीत अडीच वर्षं असतो, आणि ती अडीच वर्षं एकसारखी कधीच जात नाहीत. इथे अष्टकवर्गातल्या (राशींना शुभ गुण, म्हणजे बिंदू, देण्याच्या ज्योतिषातल्या पद्धतीतल्या) कक्षा बघाव्यात. कक्षा म्हणजे राशीचे 3 अंश 45 कलांचे आठ भाग, त्यांच्या स्वामींचा क्रम शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास). शनीच्या प्रस्तारात (कुणी कोणत्या राशीला बिंदू दिला ते दाखवणाऱ्या कुंडलीतल्या तक्त्यात) मीन राशीला ज्यांनी बिंदू दिलेत, त्यांच्या कक्षेतून जाताना शनी सुसह्य. बिंदू नसलेल्या कक्षेत ओढाताण. मीनेत एकूण चार किंवा जास्त बिंदू असतील तर साडेसातीलाही उगाच घाबरू नये.

एक कक्षा सरासरी पावणेचार महिन्यांची. मात्र शनी दरवर्षी साडेचार महिने वक्री (उलट चालताना दिसणारा) होऊन सुमारे सात अंश मागे येतो, त्यामुळे काही कक्षा तीनदा ओलांडल्या जातात. पंचांगातले अंश बघूनच तारखा काढा, नुसता भागाकार करू नका. आणि अयनांश (सायन आणि निरयन राशीचक्रांतलं अंतर) तपासा! लाहिरी आणि रामन या अयनांश मोजण्याच्या दोन पद्धतींत जवळपास दीड अंशाचा फरक आहे, तेवढं चालायला शनीला महिन्याहून जास्त लागतो. सायन (अयनांश वजा न केलेले) अंश घेतले तर कक्षा चुकते आणि बहुतेकदा रासही.