मदत हवी आहे: बाबांच्या रिपोर्टात ‘नसेचं आवरण खराब’ आलंय, म्हणजे नेमकं काय?

पऱ्हाटी_यवतमाळ:
नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. बाबा ५८ वर्षांचे, कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. दिवाळीनंतर त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग चप्पल पायातून निसटून जायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. आता खाली बसलं की भिंत धरल्याशिवाय उठता येत नाही, शर्टाच्या गुंड्या आई लावून देते. ‘पायात जीवच नाई राह्यला,’ एवढंच म्हणतात. शुगर नाही, दारू नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी) आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी न्यूरायटिस म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. यवतमाळला न्यूरोपथी सांगितलं. मेडिकलवाला न्यूराल्जिया म्हणतो, आणि शेजारचे काका म्हणतात नस दबली, चोळून घ्या. शेवटी नागपूरला एनसीव्ही, म्हणजे नसांचा वेग मोजायची तपासणी केली. रिपोर्टात लिहिलंय ‘डिमायलिनेटिंग सेन्सरीमोटर पॉलिन्यूरोपथी, सीआयडीपीची शक्यता’. पायाच्या नसेचा वेग सेकंदाला २४ मीटर. डॉक्टर म्हणाले आवरण खराब झालंय, भरती करा, पाठीतलं पाणी तपासू.

हे आवरण काय असतं, परत येतं का? वरचे सगळे शब्द एकाच आजाराचे का? आणि फवारणीनं तर झालं नसेल? २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून डोक्यात आधी तेच येतं. बाबा मात्र पाठीत सुई नको म्हणून अडून बसलेत. गावात कोणीतरी सांगितलं की त्यानं माणूस अधू होतो.

विद्या_मूर्तिजापूर:
भाऊ, चोळणं आधी बंद करा. आमच्या आत्याच्या बधिर पायाला गरम विटेनं शेकलं, तिला कळलंच नाही, टाच भाजली. रोज रात्री तळपाय बघत जा, काटा-खडा रुतलेला असतो.

निवृत्त_वैद्य_वर्धा:
मी मेडिसिनचा डॉक्टर, आता निवृत्त. बाबांना न पाहता निदान करणार नाही, पण रिपोर्ट समजावून सांगतो.

नसेत हजारो बारीक तंतू असतात. त्यांतल्या बऱ्याच तंतूंवर श्वान (Schwann) नावाच्या पेशी स्वतःचा पापुद्रा गुंडाळत जातात, थरावर थर. हेच मायलिन, तुमच्या रिपोर्टातलं आवरण. विजेच्या वायरीवरचं प्लास्टिक म्हणून ते सांगितलं जातं, पण ती उपमा अर्धीच खरी आहे. वायरीचं प्लास्टिक सलग असतं. मायलिन मधूनमधून तुटक असतं, आणि संदेश एका फटीतून पुढच्या फटीत उडी मारत जातो, म्हणून तर तो इतका वेगानं पोचतो. मायलिन गेलं की उड्या बंद, वेग घसरतो, मधेच संदेश अडतोही. पायाच्या नसेत साधारण ४० च्या वर वेग हवा, बाबांचा २४ आहे. नुसता तंतू मेला असता तर वेग फारसा उतरत नाही, संदेशाची उंची मात्र घटते. रिपोर्टात ‘अॅम्प्लिट्यूड’चा, म्हणजे या उंचीचा, रकाना असेल, तोही डॉक्टरांना विचारा.

हा फरक महत्त्वाचा आहे. श्वान पेशी मायलिन पुन्हा गुंडाळू शकतात, काही आठवड्यांत-महिन्यांत. तुटलेला तंतू मात्र दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचा हिशोब तुम्हीच करा. आवरणाचा आजार बराच काळ तसाच राहिला तर आतला तंतूही जायला लागतो, म्हणून उशीर नको.

आता शब्द. न्यूरोपथी म्हणजे नसेचा कुठलाही बिघाड, पॉली म्हणजे बऱ्याच नसा. न्यूरायटिस म्हणजे नसेला सूज, न्यूराल्जिया म्हणजे नसेच्या वाटेनं उठणारी कळ. ‘नस दबली’ ही तक्रार बहुतेक वेळा मणक्याजवळच्या मुळाची असते, तिला रॅडिक्युलोपथी म्हणतात आणि ती सहसा एकाच पायात उतरते. दोन्ही पाय आणि दोन्ही हात एकदम गेले, तर ते चित्र तिथे बसत नाही. कुणी एमआरआयच्या कागदावर ‘नर्व्ह शीथ ट्यूमर’ दाखवून घाबरवलं, तर ती नसेवरची गाठ, बहुधा साधी. इथे तिचा संबंध नाही.

सीआयडीपीत शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर उलटते. दोन महिन्यांहून जास्त काळ वाढत जाणारा त्रास असेल तर हे नाव पुढे येतं. जीबीएस (गियां-बारे सिंड्रोम) हा आजार त्याच्याच जवळचा, पण तो चार आठवड्यांच्या आत शिगेला पोचतो. सीआयडीपीवर स्टेरॉइड, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडी) किंवा प्लाझ्मा बदलणं असे उपचार आहेत, बऱ्याच जणांना गुण येतो. स्टेरॉइड सुरू झालं तर शुगर तपासत राहा.

फवारणीची शंका बरोबर जागेवर आहे. काही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची जबर विषबाधा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडू शकतात. पण ते विष मुख्यतः तंतूच मारतं, आवरण नाही, त्यामुळे हा रिपोर्ट त्याच्याशी जुळत नाही. तरी फवारणीच्या औषधांची नावं लिहून न्या.

आणखी एक, न लाजता: सुन्न चट्टा आहे का, कोपराजवळची नस जाड लागते का, हे तपासून घ्या. कुष्ठरोग आपल्या भागातून गेलेला नाही, आणि त्याची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बी-१२ ही करून घ्या.

पऱ्हाटी_यवतमाळ:
डॉक्टरसाहेब, लय उपकार झाले. चट्टा कुठेच नाही. फक्त पाठीच्या सुईचं सांगा ना, बाबा तिथेच अडकलेत.

निवृत्त_वैद्य_वर्धा:
मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. तिथे फक्त नसांची मुळं पाण्यात तरंगत असतात, सुई लागली तर बाजूला सरतात. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं. पाण्यात प्रोटीन वाढलेलं आणि पेशी मात्र जवळजवळ नाहीत असं निघालं, की सीआयडीपीला दुजोरा मिळतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

धाप लागली, गिळताना ठसका बसला किंवा दोन-चार दिवसांत अशक्तपणा झपाट्यानं वाढला, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच रात्री निघा.

विद्या_मूर्तिजापूर:
आयव्हीआयजी महाग असतं हो. जनआरोग्य योजनेत बसतं का हे भरती व्हायच्या आधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. रेशनकार्ड, आधार दोन्ही सोबत ठेवा.

पऱ्हाटी_यवतमाळ:
बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ‘मज्जारज्जू खालपर्यंत नाई, असं म्हन की मंग,’ म्हणाले. सोमवारच्या गाडीनं नागपूर. अॅम्प्लिट्यूडचे आकडे मिळाले की इथेच टाकतो.