मदत हवी आहे: खिडक्यांच्या काचा साफ करण्याच्या कामाचे दर कसे ठरवावेत?

नमस्कार. पुण्यातील वाकड-हिंजवडी भागातल्या सोसायट्यांमध्ये खिडक्यांच्या काचा साफ करण्याचे काम मी स्वतंत्रपणे सुरू करत असून, दरांबाबत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. चौरस फुटाचा दर सोपा वाटतो. परंतु सरकत्या खिडकीत काचेपेक्षा खालच्या खाचेत साचलेली माती आणि डासांची जाळी यांनाच अधिक वेळ लागतो, आणि टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग असतील, तर साबणाचे पाणी व वायपर यांवर भागत नाही. अशा वेळी खिडकीमागे दर सांगून डागांचे पैसे वेगळे घ्यावेत, की घर पाहूनच एकरकमी आकडा द्यावा? दिवाळीपूर्वीचे एकवेळचे काम आणि दरमहाचे काम यांच्या दरांत आपण किती फरक ठेवता?

वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मी घेतली आहे. तरीही, दोरकामाचे प्रशिक्षण नसताना वरच्या मजल्यांवरील काचांची बाहेरची बाजू घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. मग केवळ आतल्या बाजूच्या कामाचा दर निम्मा धरणे योग्य ठरेल का?