१० जुलैचा फलक आणि नाईक यशवंत घाडगे

ए-१०२ : नमस्कार. घाडगे यांच्या स्मृतिदिनी, १० जुलैला, सोसायटीत लावायच्या फलकाचा सचिवांनी रविवारी ग्रुपवर टाकलेला मसुदा वाचून वाईट वाटले. नाईक यशवंत घाडगे सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना वाहून आणत होते, असे त्यात लिहिले आहे. तो पराक्रम नगर जिल्ह्यातील निमजच्या शिपाई नामदेव जाधवांचा, ९ एप्रिल १९४५ चा. दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघेही इटलीत लढले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, म्हणून दोघांचे एकच चरित्र करायचे का? गेल्या वर्षीही मी हेच सांगितले होते.

सचिव : काका, दुरुस्ती अवश्य करू. मात्र मसुदा इतके दिवस ग्रुपवर होता, तेव्हा कोणीही तो वाचण्याची तसदी घेतली नाही, याचीही नोंद व्हावी.

बी-३०४ : पराक्रमाबद्दल शंका नाही, परंतु ती लढाई इंग्रजांच्या साम्राज्याची होती, हे फलकावर आलेच पाहिजे.

सी-२०१ : काका, नेमके काय घडले ते एकदा सविस्तर लिहाल का? मुलांना वाचून दाखवीन.

ए-१०२ : लिहितो, ताई. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली, तेव्हा घाडगे यांची सेक्शन, म्हणजे त्यांच्या हाताखालची छोटी तुकडी, अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज प्रत्येक जवान ठार किंवा जखमी झाला. क्षणभरही न थांबता ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेडने त्यांनी गन आणि ती चालवणारा, दोन्ही संपवले. टॉमीगनने, म्हणजे हातातल्या स्वयंचलित बंदुकीने, आणखी एकाला टिपले. आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मशीनगनच्या चौकीतच त्यांनी प्राण सोडले. वय होते अवघे २२.

डी-५०३ : आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पन्नास शत्रू मारल्याचे आले होते. तसे लिहिल्यास फलक अधिक प्रभावी होईल.

ए-१०२ : कृपया असे करू नका. त्या चौकीत चार माणसे होती. आकडा फुगवणे हा त्या जवानाचा अपमान आहे.

बी-३०४ : माझ्या मुद्द्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. ती लढाई इंग्रजांच्या साम्राज्याची होती.

सी-२०१ : दादा, राज्य इंग्रजांचे होते हे कोण नाकारते? पण समोर नाझी जर्मनीचे सैन्य होते. घाडगे आमच्या माणगाव तालुक्यातले. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि इटलीतल्या कासिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. तिथल्या मोंतोने गावाने तर २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. परक्या गावाला जे स्मरते, त्यावर आपण इतके दिवस वाद घालतो आहोत.

बी-३०४ : वाद मी घातलेला नाही. एका वाक्याची मागणी केली आहे.

सचिव : ‘तत्कालीन ब्रिटिश भारतीय सैन्यातील नाईक’ असे लिहितो. चालेल ना?

बी-३०४ : पुरेसे नाही, तरी मान्य आहे.

ए-१०२ : सचिवसाहेब, अजून एक विनंती. चौकी एकट्याने घेतली हे ठळक लिहा, परंतु त्याआधी पडलेल्या सेक्शनचा उल्लेख गाळू नका. जाधवांसाठी ९ एप्रिलला वेगळा फलक लावू. त्याचा मजकूर मी आजच पाठवतो.